हळू, झोपलेत

"उठलात? झोप झाली का?"

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने आधी ओट्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. बायको कुठेच दिसेना. झोपेतून उठल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं त्याला सगळं जग पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं, त्यामुळे आवाज खालून आलाय हे कळायलाही वेळ लागला. ती फरशीवर पडली होती. एक पाय सरळ, दुसरा भलतीकडेच वळलेला. डोक्याखाली पायपुसण्याची घडी. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, आणि त्याला बघून त्या सुकलेल्या ओठांवर हसू आलेलं.

"अगं, हे काय? कधी पडलीस?"

"दीड वाजला असेल. पाणी सांडलं होतं, पाय सटकला."

"दीड? आता चार वाजलेत! मग मला हाक नाही मारलीस?"

"तुम्ही झोपला होतात ना," ती म्हणाली. एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं, अशा सुरात.

दोघांच्या मध्ये एक भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. अशा अंतराला हाकेचं अंतर म्हणतात. त्या अंतरावर ही बाई खुब्याचं हाड मोडून अडीच तास पडून राहिली, घड्याळाकडे बघत, नवऱ्याच्या चार वाजण्याची वाट बघत. रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला, तिला चाकाच्या गाडीवरून आत नेलं, तरी त्याच्या अंगातली झोप पुरती उतरली नव्हती. आपण अजून पलंगावरच आहोत आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाचं स्वप्न आहे, आपण चुकून त्यात शिरलोय, असं त्याला दवाखान्याच्या बाकावर बसून वाटत राहिलं.

तो छापखान्यात मशीनमन होता. वर्तमानपत्राच्या मोठ्या मशीनवर एकोणतीस वर्षं, आणि एकोणतीस वर्षं रात्रपाळी. लोक सकाळी चहाबरोबर ज्या बातम्या वाचायचे त्या त्याने पहाटेच हातावेगळ्या केलेल्या असायच्या. वाचल्या मात्र कधी नाहीत. मशीनमन अक्षरं वाचत नाही, शाई वाचतो. पहाटे पाचला सुटायचं, सहाला घरी, आठला अंथरुणावर, दुपारी चारला उठायचं. गल्लीतली पोरं त्याला घुबडकाका म्हणायची. त्याला राग नव्हता. घुबडाला निदान ढोलीत कुणी वीजबिलाचं विचारायला येत नाही, असं तो म्हणायचा.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. ज्याने ही म्हण केली तो रात्री झोपणारा असला पाहिजे. एकदा दिवसा झोपून बघा म्हणावं! रात्री दहानंतर आवाज करू नये असा सरकारी नियम असतो. दुपारी बारानंतर करू नये असा नियम जगाच्या पाठीवर कुठेही नाही. दिवसा झोपणारा माणूस लोकांना एकतर आजारी वाटतो, नाहीतर आळशी. बँक, दाताचा डॉक्टर, लेकीच्या शाळेतली पालकसभा, सगळी कामं याच्या मध्यरात्री. पालकसभेला तो जन्मात एकदा गेला आणि बाकावर बसल्या बसल्या घोरला. लेक पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग सरकारने जो नियम केला नाही तो बायकोने केला. "हळू, झोपलेत." दोन शब्दांचा कायदा, पण काय अंमलबजावणी! लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने दारावरच्या घंटीची वायर काढून टाकली. कुकरची शिट्टी डब्यात गेली ती कायमचीच. भांडी ओट्यावर न ठेवता दुमडलेल्या चादरीवर पालथी पडू लागली. भाजीवाली खिडकीशी यायची, हाक न मारता एकेक भाजी उचलून दाखवायची आणि ही आतून मान हलवायची. पोस्टमन दारावर टकटक करायचा नाही, नखाने खरवडायचा. लेक झाली, तेव्हा रडायला लागली की ही तिला उचलून शेजारणीकडे पळायची. पुढे लेक पाढे पाठ करायची तेही नुसते ओठ हलवून. शाळेत बाईंनी उभं करून म्हणायला सांगितलं, तर वर्गाला वाटलं ही काहीतरी चघळतेय.

आता तुम्ही म्हणाल, चार ते नऊ तर गृहस्थ जागा असायचा. तेव्हा तरी बोलायचं मोठ्यानं. बरोबर आहे. पण आवाजाला एकदा आत राहायची सवय लागली की तो बोलावल्यावर बाहेर येत नाही. आणि गृहस्थाचीही गंमत अशी, की छापखान्यात त्या मशीनच्या गडगडाटात कानात कापूस घालून सगळं काम हातवाऱ्यांवर चालायचं. रात्री खुणा, दिवसा कुजबुज. भांड्यावर भांडं आपटत, स्वयंपाकघरातून खेकसून बोललेला साधा घरगुती आवाज कसा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दिवसाच्या झोपेत त्याला बहुतेक कागदाचंच स्वप्न पडायचं. पांढरा, कोरा, नदीएवढा रुंद कागद घराघरांवरून वाहत चाललेला. त्याच्या काठावर बायको उभी असायची, त्याच्याकडे बघून तोंड उघडायची, काहीतरी म्हणायची. आवाज मात्र यायचा नाही. आणि त्याला त्याचं कधी नवलही वाटलं नव्हतं.

लेक दुसऱ्या गावाहून रात्रीच्या गाडीने आली. ती तिकीटखिडकीवर कामाला होती. काचेच्या भोकाला कान लावल्याशिवाय तिचं बोलणं कुणाला समजायचं नाही आणि त्यावरून रांगेत रोज भांडणं व्हायची. आईचं ऑपरेशन नीट झाल्यावर तिने बापाला दवाखान्याच्या जिन्यापाशी गाठलं आणि भांडली. भांडली तीसुद्धा कुजबुजत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं बापलेकीचं काहीतरी गुपित चाललंय.

"अडीच तास, बाबा! अडीच तास!"

"मला काय ठाऊक गं? मी झोपेत."

"तुम्ही झोपेत, हे मला जन्मापासून माहीत आहे." तिचे डोळे भरले. "आमच्या घरात कुणाला ओरडता येतं, सांगा ना. मला येतं? एकदा बसमध्ये माझी पर्स मारली. मी चोराला बघितलं, तो उतरेपर्यंत बघत बसले. घशातून शब्द फुटला नाही माझ्या."

आपल्या झोपेने घरातल्या दोन बायकांचे आवाज खाल्ले, हे त्याला त्या जिन्यापाशी पहिल्यांदा समजलं. दुसऱ्याच दिवशी तो फोरमनसमोर जाऊन उभा राहिला.

"मला दिवसपाळी द्या."

फोरमन त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण माणसांची पारख असलेला. म्हणाला, "काका, झेपेल का? एकोणतीस वर्षांचं घड्याळ आहे पोटातलं."

"घड्याळ काय, काटे फिरवले की झालं."

काटे फिरवून काहीही झालं नाही. दिवसा छोट्या मशीनवर अर्जांचे फॉर्म, पावतीपुस्तकं असलं काम असायचं. ते उरकून तो संध्याकाळी घरी यायचा, लोकांसारखा जेवायचा, लोकांसारखा दहाला दिवा मालवायचा, आणि मग लोक झोपायचे. हा छताकडे बघत पडायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाही. एकोणतीस वर्षांत त्याने स्वतःच्या घरातली रात्र कधी बघितलीच नव्हती. ती फार मोठी होती. त्याच्या ओळखीच्या खोल्या अंधारात लांबल्यासारख्या वाटायच्या, पलंगापासून दारापर्यंतचं अंतर वाढलेलं असायचं, खुंटीवरचा शर्ट कुणी पाहुणा आल्यासारखा भिंतीला टेकून उभा असायचा. खिडकीतून बघावं तर रस्ता धुऊन ठेवल्यासारखा रिकामा. एवढ्या सगळ्या माणसांनी एकदम, ठरवून, एकाच वेळी डोळे कसे काय मिटले, याचं त्याला आश्चर्य वाटायचं. आपल्याला तेवढं कुणी सांगायला विसरलं, असं वाटून तो एकटाच हसायचा.

अशाच एका रात्री बायकोही जागी होती. पाय ठणकत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा की."

"दिवसा मी झोपलेला, म्हणून तू हळू बोलायचीस. पण रात्री मी नसायचो. तेव्हा तरी मोठ्यानं बोलायचीस ना? पोरीशी, शेजारणीशी?"

"रात्री कसं बोलणार हो?" ती म्हणाली. "रात्री सगळं जग झोपलेलं असतं. दिवसा तुम्ही झोपलेले, रात्री जग झोपलेलं. मोठ्यानं बोलायचं कधी?"

तिने तक्रार केली नव्हती. वेळापत्रक सांगितलं होतं. त्याला मात्र उशी टोचायला लागली. जगात दोन प्रकारची माणसं असतात, दिवसा झोपणारी आणि रात्री झोपणारी, असं त्याला इतकी वर्षं वाटायचं. दोन्हीकडच्यांची झोप राखत बसलेलं तिसरं माणूस आपल्याच घरात आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तीन आठवडे असे गेले. दिवसा छापखान्यात तो चालायचा, बोलायचा, मशीन लावायचा, पण सगळं एका पातळ पडद्याआडून. आवाज लांबून यायचे. हातातला पाना कधी हलका लागायचा, कधी शिळेइतका जड. एक दिवस त्याने सहा हजार फॉर्म छापले. पुढची बाजू नेटकी, मागची बाजू उलटी. पान उलटलं की सही करायची जागा डोक्यावर! मशीनमनच्या जन्मात ही चूक पहिल्या वर्षी होते, नंतर होत नाही. फोरमनने गठ्ठे रद्दीत टाकायला लावले. पण पुढच्याच आठवड्यात याची बाही रोलरमध्ये गेली. ती आत ओढली जाताना तो बघत होता. घाबरला नाही, दचकला नाही. किती सावकाश चाललंय हे सगळं, असं त्याच्या मनात आलं. बाही खांद्याशी फाटली म्हणून हात वाचला, आणि मग कुठे त्याने बटण दाबलं.

फोरमनने त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"काका, आता ऐका माझं. एकतर रात्रपाळीला परत या, नाहीतर घरी बसा. मला तुमचा हात घेऊन तुमच्या घरी जायचं नाही."

"घरी बसून खायचं काय?"

"मग रात्रपाळी. तीन वर्षं राहिलीत. तुम्ही आणि ते मोठं मशीन, दोघंही रात्रीचीच जात."

ही गोष्ट घरी समजली, तेव्हा लेकीने पोळ्या लाटणं थांबवलं. तिची रजा संपत आली होती. आई वॉकर घेऊन चार पावलं टाकायला लागली होती, पण पाठीमागे कुणी असावं लागे. बाबा रात्री कामावर जाणार, दिवसा झोपणार. आणि ही बाई पुन्हा पडली तर पुन्हा चारची वाट बघणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी आईला माझ्याकडे घेऊन जाते," ती म्हणाली.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"तुम्ही निवृत्त होईपर्यंत."

तीन वर्षं. त्याने बायकोकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. म्हणाली, "मी नाही जायची. यांना उठल्यावर चहा कोण देणार?"

"आई, तू त्यांना हाक तर मारू शकत नाहीस, चहा कसला देतेस!"

लेकीनेच मग मधला मार्ग काढला. बाजारातून एक पितळेची घंटी आणली, दुकानात टेबलावर असते तसली, दाबली की टण्णकन वाजणारी. आईच्या हाताशी ठेवली. पडलीस, दुखलं, काहीही झालं की दाबायची. दोन दिवसांनी सहज दाबून बघितली तर आवाज येईना. उलटी करून बघितली, तर आत कापूस ठासून भरलेला.

"आई!"

"अगं, झाडताना चुकून हात लागतो," ती ओशाळून म्हणाली. "त्यांची झोप मोडायची उगीच."

यावर रडावं की हसावं, बापलेकीला कळेना. शेवटी दोघं हसली. तीही हसली. या घरात हसणंसुद्धा बिनआवाजी होतं. फक्त खांदे हलायचे. तिघांचे खांदे बराच वेळ हलत राहिले, आणि मग लेक गंभीर झाली. म्हणाली, "मला घंटी नको, काही नको. मला तुझ्या तोंडून एक हाक ऐकायची आहे. पलीकडच्या खोलीत झोपलेला माणूस उठेल अशी. शनिवारपर्यंत. जमलं तर राहा इथे. नाही जमलं, तर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर चल. कबूल?"

"कबूल," तो बायकोच्या आधीच म्हणाला.

मग त्या घरात संध्याकाळचा हाकांचा वर्ग सुरू झाला. तो पलंगावर आडवा पडायचा, ती स्वयंपाकघरात वॉकर धरून उभी राहायची आणि लेक मधल्या दारात.

"हं, मार हाक," तो पलंगावरून म्हणायचा.

"अहो."

"हे काय? मुंगीनं मुंगीला हाक मारल्यासारखं!"

"अहो," ती पुन्हा म्हणायची. जोर सगळा भुवयांना लागायचा, आवाज होता तिथेच.

"अगं, पोटातून काढ. हे बघ असं." आणि त्याने एकदा, शिकवण्याच्या भरात, बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "अगंऽऽऽ!"

शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "काय झालं, भाऊजी? वहिनी पुन्हा पडल्या?" सगळं समजल्यावर ती पदर तोंडाला लावून खूप हसली. "इतकी वर्षं तुमच्या घरात कुणी राहतं की नाही असं वाटायचं. आणि आता हे!" जाताना तिने आपल्या परीने सल्ला दिला. "वहिनी, राग आणा. राग आला की आवाज आपोआप येतो. मला बघा."

पण राग आणायचा कुणाचा? तिने डोळे मिटून प्रयत्न केला. सासूची आठवण काढली, खोटं वजन करणाऱ्या वाण्याची काढली. उघडलं तोंड की "अहो", मऊ, पिसासारखा. शुक्रवारी संध्याकाळी ती दमून खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाही हो येत," ती म्हणाली. "मला जायचं नाही आणि ते येतही नाही."

तो तिच्या पायाशी बसला.

त्याच आठवड्यात त्याची रात्रपाळी पुन्हा सुरू झाली होती. मोठ्या मशीनने त्याला ओळखलं, हातांना सगळं आठवलं, रात्री झक्क जायच्या. पण दिवसाची झोप आता पहिली राहिली नव्हती. पूर्वी तो बिनघोर झोपायचा, आता कान उघडे टाकून पडायचा. झोप लागते न लागते तोच हाक ऐकू यायची. धडपडत उठायचा, स्वयंपाकघरात जायचा. ती तांदूळ निवडत बसलेली असायची.

"मारलीस हाक?"

"नाही बाई! तुम्ही का उठलात?"

पुन्हा पडायचा. पुन्हा हाक. पांढऱ्या कागदाच्या पलीकडून, कुणाच्या तरी अंगणातून, विहिरीच्या तळातून यावी तशी. शुक्रवारी दुपारी तर तो सात वेळा उठला. सातव्यांदा तिने नुसतं बघितलं आणि तांदळाचं ताट खाली ठेवलं. आपण इथे राहिलो तर हा माणूस झोपणार नाही, आणि हा झोपला नाही तर एक दिवस मशीन त्याला ओढून नेईल, हे तिला समजलं असावं. त्या रात्री तो कामावर गेल्यावर तिने लेकीला आपली बॅग भरायला सांगितली.

शनिवारी सकाळी तो आला, तेव्हा बॅग दाराशी होती. त्याने ती बघितली. तिने बघितलं की त्याने बघितली. चहा झाला. गाडी संध्याकाळी सहाची होती.

"झोपा आता," ती म्हणाली. "निघताना उठवेन."

"कशी?" तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

आणि गंमत बघा. आठ दिवस ज्याचा डोळा लागला नव्हता, त्याला त्या दिवशी झोप लागली. ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं म्हणून असेल. खिडकीवर जाड चादर, खोलीत तपकिरी अंधार, चादरीच्या भोकातून आलेली उन्हाची एक काडी भिंतीवर सरकत होती. तो खाली खाली गेला. कागद वाहत आला, कोरा, शांत, आणि त्याने त्यावर अंग टाकून दिलं. घरं गेली, झाडं गेली, छापखाना गेला. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

एक वाजता खिडकीबाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं.

त्याला ते स्वप्नात मोठ्या मशीनसारखं ऐकू आलं आणि तो जागा झाला नाही. पण पलंग थरथरायला लागला, तांब्यावरचं भांडं किणकिणलं. स्वयंपाकघरात वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकले. एक, दोन, तीन, चार, पाच. डॉक्टरांनी चार पावलांचीच परवानगी दिली होती. आणि मग त्या सगळ्या खडखडाटाच्या वरून, घर, भिंत, स्वप्न फाडत एक आवाज आला.

"अहोऽऽऽ!"

जाड, खरखरीत, थोडा फुटका. गंजलेलं दार उघडावं तसा.

"ओऽऽ!" तो तितक्याच मोठ्याने ओरडला आणि पलंगावरून खालीच आला, तसाच स्वयंपाकघराकडे धावला.

तिथल्या खिडकीशी ती उभी होती. एक हात वॉकरवर, एका हाताने गज घट्ट धरलेला, मानेच्या शिरा ताठ. तिने वळून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्हाला नाही हो, त्यांना," ती कुजबुजली. "तुम्ही झोपा." आणि पुन्हा खिडकीकडे वळून, "अहो, बंद करा ते! माणूस झोपलाय घरात!"

यंत्र थांबलं. रस्त्यावरून यंत्रवाल्याचा आवाज आला, "बाई, दिवसाचा एक वाजलाय!"

"वाजू दे! रात्रभर राबून आलाय माणूस, दिवसा नाही झोपायचं तर कधी झोपायचं? तिकडचं टोक खोदा आधी! चारनंतर या इकडे!"

"एवढ्या मोठ्यानं ओरडलात, आता ते उठलेच असतील की!"

बाहेर दोघं-तिघं हसली. पण यंत्र ओढत नेल्याचा आवाज आला, दूर, आणखी दूर, गल्लीच्या टोकापर्यंत. खोलीत शांतता पसरली. मधल्या दारात लेक उभी होती, दोन्ही हात तोंडावर. तिने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि दाराशी जाऊन बॅग उघडली. आईच्या साड्यांच्या घड्या काढून पलंगावर ठेवल्या. मग स्वतःचे कपडे तेवढे आत ठेवून बॅगची चेन लावली.

त्याने बायकोला धरून खुर्चीत बसवलं. तिला खोकल्याची उबळ आली. त्याने पाणी आणलं, तिने दोन घोटांत संपवलं. तो तिच्या समोर फरशीवरच बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीपैकी कोणतंच तो आवरत नव्हता. एकोणतीस वर्षं या बाईने जपलेली त्याची झोप तिनेच आज खाडकन मोडली होती, आणि इतकं सुख त्याला कुठल्या झोपेत मिळालं नव्हतं.

"फार मोठ्यानं ओरडले का हो?" तिने विचारलं. पुन्हा त्याच जुन्या, हलक्या आवाजात.

शब्दन् शब्द त्याला ऐकू आला. त्या आवाजाला त्याचे कान केव्हाचे सरावले होते.

"काय?" तो म्हणाला.

"म्हटलं, फार मोठ्यानं ओरडले का?"

"ऐकू नाही येत गं," त्याने डोळे मिटले आणि डोकं तिच्या धड असलेल्या गुडघ्यावर टेकवलं. "जरा मोठ्यानं बोल."